एका इंचाला चार फूट

...पन्नासच असणार म्हणे! म्हणजे बघा हं, लेन्स हातात घेतली नाही, तिचं टोपण काढलं नाही, आणि सोफ्यावर आडवं पडून, मोबाईलमधून डोकं वर न काढता आमचे जावईबापू जाहीर करतात, "बाबा, फोकल लेंग्थ ना? पन्नास मिलिमीटर. जुन्या कॅमेऱ्यांना पन्नासच असायची. साधं गणित आहे!" अहो, गणित आहे तर करा की! गणित करायचं असतं, ते असं लोळत सांगायचं नसतं! पण बोलायची सोय आहे का? जावई पडला. आणि त्यातून लेकीने स्वतः पसंत केलेला, म्हणजे तक्रार करायची तर कुणाकडे करायची... बरं, जाऊ द्या.

तुम्हाला सांगतो, मी टेलर माणूस. सगळा जन्म लोकांच्या कमरा मोजण्यात गेला. छाती, खांदा, बाही, कॉलर... आणि पोट. पोट मोजताना माणूस श्वास आत घेतो, आणि मी मनात दोन इंच वाढवून लिहितो, हे माझं गणित. मला कशाला हवीय फोकल लेंग्थ? म्हणजे ती काय असते हे ठाऊक असायला हवं होतं, ते खरं. कारण आमच्या हिने, म्हणजे बायकोने, मला ती हजार वेळा तरी समजावली असेल. जेवताना, चालताना, मी काज करत असताना. "अहो, ऐका ना, लांबची वस्तू कागदावर स्पष्ट उमटली की भिंगापासून कागदापर्यंत जेवढं अंतर, तेवढी फोकल लेंग्थ. साधं गणित आहे!" मी आपला "हं... हं... असं होय!" आणि डोकं सुईत. संसारात निम्मं काम मानेनेच करायचं असतं. मान हलवली की झालं! हिला कळायचं की मी ऐकत नाहीये. पण ही सांगायची.

ही स्टुडिओत कामाला होती. आमच्या दुकानाला लागूनच स्टुडिओ. आयकार्डाचे फोटो, लायसनचे फोटो, शाळेच्या पोरांचे रांगा लावून फोटो. दिवसभर पलीकडून हिचा एकच आवाज, "हलू नका!" म्हातारा असो, पोर असो, साहेब असो, "हलू नका!" मी लायसनच्या फोटोसाठी पहिल्यांदा तिथे गेलो, स्टुलावर बसलो, तर ही काळ्या कापडामागून म्हणाली, "हलू नका." नमस्कार नाही, नाव नाही. पहिला शब्द तो. आणि मी हललो. का हललो? अहो, कापडाबाहेर तोंड काढून पाहिलंन ना माझ्याकडे! पुन्हा फोटो. पुन्हा हललो. तिसऱ्यांदा ही म्हणाली, "तुम्हाला बसवत नाही का जरा स्वस्थ?" म्हटलं, नाही बसवत. तिथून पुढे जे व्हायचं ते झालं.

आणि मग घरात तेच. सुट्टी आली की कॅमेरा निघाला, की मी उभा. "अहो, खिडकीपाशी. हनुवटी खाली. हलू नका!" चहा पिताना हलू नका, पेपर वाचताना हलू नका, एकदा तर मी शिंकणार होतो हो, शिंक अर्ध्यावर आलेली, आणि ही म्हणते हलू नका! आता शिंक काय हिला विचारून येते? तो फोटो आहे घरात. त्यात मी असा दिसतो की बघणारा विचारतो, यांना काय झालंय?

आता गंमत बघा. ही गेली गेल्या थंडीत. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून लेकीने कपाटं उपसली. पेटी उघडली, पाकिटं उघडली. फोटोच फोटो. सगळे माझे! मी केस असताना, मी केस नसताना, मी लेकीला खांद्यावर घेऊन, मी दुकानाच्या पायरीवर, मी शिंकताना... आणि हिचा? एक नाही. अहो, एक नाही! कायम कॅमेऱ्यामागे उभी राहिलेली बाई, तिचा फोटो काढणार कोण? मी? मला बटण कुठलं ते ठाऊक नव्हतं. एका फोटोत कोपऱ्यात हिचं बोट आलंय. लेक म्हणाली, "बाबा, आता?" मी म्हटलं, बोट मोठं करून लावूया. हसली. मग दोघंही रडलो. जावई म्हणाला, "कामावरच्या आयकार्डावर असेल ना, साधं गणित आहे." होता. तोच लावलाय. डोळे मिटलेत त्यात. दुसऱ्यांना जन्मभर हलू नका सांगितलं आणि स्वतःची वेळ आली तेव्हा बाईसाहेबांनी डोळे मिटले!

तर ती लेन्स. सांगतो, सांगतो, तिकडेच येतोय.

हिचा कॅमेरा बिघडला होता. आतला आरसा वर जाऊन अडकला तो खाली येईना. डोळा लावला तर आत काळोख. पण रोल आत होता. तो काढायला मी गेलो दुरुस्तीवाल्याकडे. एकच उरलाय आता तसला, जिन्याखाली टेबल टाकून बसतो, आणि असा खोकतो की वाटतं आता एखादा स्क्रू बाहेर पडेल. म्हणाला, "खॉ... खॉ... कॅमेरा गेला. पार्ट येत नाहीत. रोल धुऊन देतो." आठवडाभराने दिला धुऊन. बरेचसे फोटो जुने, आजारपणाच्या आधीचे, अर्थातच माझे, "हलू नका" चेहऱ्याचे. आणि एक शेवटचा.

त्या शेवटच्यात माझी पाठ आहे.

स्वयंपाकघर, बेसिन, वर फळीवर पातेली, झारा लटकतोय, नळ चालू आहे, नळाची धारसुद्धा दिसते. आणि बेसिनपाशी मी, पाठमोरा. अंगात निळ्या रेघांचा शर्ट. आता तो शर्ट मी हिच्या आजारपणात शिवला. दुकान बंद केलेलं, हात शिवशिवायचे, म्हणून हिच्या उशाशी मशीन ओढून तो एकच शर्ट शिवला. म्हणजे फोटो आजारपणातलाच, यात वाद नाही. पण आजारपणात ही उठत कुठे होती हो? पायांतलं बळच गेलेलं. डॉक्टर म्हणाले होते, पलंगावरून उतरवूसुद्धा नका. मग हा फोटो काढला कुणी? आणि उभं कुठे राहून?

लेकीने फोटो पाहिला आणि तिचे डोळे असे लकाकले... "बाबा! आई उठली होती! स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत आली होती! तुम्हाला कळलंसुद्धा नाही!" लेक लांब असते आमची, आत्ता दोघं महिनाभर राहायला आलीत म्हणून इथे. शेवटी शेवटी आली, तेव्हा हिला डोळे उघडायचीही ताकद नव्हती. ते तिच्या मनाला लागून राहिलंय. आणि आता हा फोटो हातात आल्यावर आईचं चालणं तिला डोळ्यांपुढे दिसायलाच लागलं. भिंतीला धरून आली असेल, असं म्हणाली. चौकटीला टेकली असेल, असं म्हणाली. आणि तेव्हाच जावई सोफ्यावरून, "करेक्ट! पन्नासची लेन्स धरली तर दारातूनच येतो असा फोटो. साधं गणित आहे!"

आणि तुम्हाला सांगतो, मला तेच हवं होतं! जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, हा जावई बरोबर ठरावा. का? सांगतो. आता लपवून तरी काय उपयोग, नाही का?

मी त्या फोटोत भांडी घासत नाहीये.

दुपारी औषध दिलं की ही भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी पांघरूण नीट करायचो, कॅमेरा उशीशी असायचा, तो नुसता जवळ हवा म्हणून, लेन्स पुसत बसायची माझ्या अस्तराच्या चिंधीने. ही झोपली की मी स्वयंपाकघरात जायचो, नळ सोडायचो, मोठ्ठा, धबधब, आणि बेसिनवर वाकून रडायचो. झालं. सांगितलं. रोज. हिच्यासमोर मी अगदी ठणठणीत, जोक काय, गाणी काय, "काय बाईसाहेब, आज नाश्त्याला काय हुकूम?" आणि दुपारी नळ. पाणी किती वाया घालवलं त्याचा हिशेब नाही. पण एक समाधान होतं, हिला कळलं नाही. हिच्या शेवटच्या दिवसांत हिने माझं हसतं तोंडच पाहिलं, एवढं तरी मला जमलं, असं मला वाटत होतं हो.

आता कळलं का? दारातून फोटो काढला असेल, तर ही एकदाच उठली, एकदाच आली, एकदाच पाहिलंन. नवरा भांडी घासतोय असंही वाटलं असेल. चालेल! पण पलंगावरून काढला असेल तर? तर उशीवरून बेसिन दिसतं. तर रोजच दिसत होतं. मग माझं ते नाटक, ती गाणी, तो नळ... म्हणून मला पन्नास हवी होती. पन्नासच!

पण लेन्सवर आकडा असेल तर शपथ! पुढची कडी, जिच्यावर आकडा कोरलेला असतो, ती कधीच निखळून हरवलेली. हिने तिथे माझ्याच काळ्या अस्तराची पट्टी चिकटवली होती. मी पुन्हा जिन्याखाली. "किती असेल हो?" तो म्हातारा डोळा लावून बघतो. "खॉ... शंभर असेल. एकशेपस्तीस असेल. खॉ..." म्हटलं, पन्नास? "पन्नास एवढी लांबडी नसते." म्हटलं, असू शकते की! घरी शहाणी माणसं म्हणतायत! तो म्हणाला, "मग मोजा. दिवसाउजेडी खिडकीसमोरच्या भिंतीवर कागद लावा, लेन्स मागेपुढे करा, बाहेरचं लांबचं काहीतरी कागदावर स्पष्ट उमटलं की लेन्सच्या मध्यापासून कागदापर्यंत मोजा. खॉ... तीच फोकल लेंग्थ. साधं गणित आहे." घ्या! हाही तेच!

आणि पुढचं त्यानेच समजावलं. म्हणाला, "तुमचा शर्ट खरा किती लांब, ते मोजा. फिल्मवर तो शर्ट किती लांब आलाय, ते मी मोजतो. खरा शर्ट फिल्मवरच्या शर्टाच्या जितका पट, तितकीच पट फोकल लेंग्थ केली, की काढणारा तुमच्यापासून किती अंतरावर होता ते आलं." आता शर्ट म्हटल्यावर मी जागा झालो! शर्ट माझा प्रांत! कॉलरच्या शिवणीपासून घेरापर्यंत एकोणतीस इंच, झोपेत विचारा. त्याने डोळ्याला भिंग लावून फिल्मवर मोजलं. पाच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आम्हा टेलर लोकांचा रोजचा. एकोणतीस इंचांचा शर्ट पाच सुतांत बसवलान हिने! एवढा मापात मी कधी कुणाला बसवला नाही. म्हणजे झाले सेहेचाळीस पट आणि वर थोडं. म्हणजे बघा, लेन्सचा एक इंच इकडचा तिकडे झाला, की बायको सेहेचाळीस इंच सरकते! जवळजवळ चार फूट! जावयाची पन्नास मिलिमीटर म्हणजे दोन इंच. दोन इंचांना पावणेआठ फूट. बेसिनपासून पावणेआठ फुटांवर काय आहे? स्वयंपाकघराचा उंबरा! मी तिथेच त्या म्हाताऱ्याचा हात धरला. म्हटलं, दारातूनच आहे! तो म्हणाला, "आधी मोजा."

मोजलं. सकाळी, ऊन चांगलं होतं. कटिंगचा खाकी कागद होता घरात, पण त्यावर काही दिसेना, मग पांढरा लावला भिंतीला. खिडकीचा उजेड तेवढा ठेवून बाकी पडदे ओढले. लेन्स धरली. काही नाही, नुसता धूसर डाग. जरा मागे... जरा पुढे... आणि एकदम, अहो काय सांगू, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी माझ्या भिंतीवर! रंगासकट! पाइप, शिडी, टाकीवर बसलेला कावळा, सगळं! आणि उलटं! कावळा खाली डोकं वर पाय, पण त्याला काही त्याचं नाही, मजेत पंख साफ करतोय. मी ओरडलो, "अगं, बघ, बघ!" आणि मग आठवलं. घरात कुणी नव्हतं. इतकी वर्षं ही मला हेच तर दाखवायला बोलवत होती, "अहो, इकडे या ना, एक मिनिट," आणि मी म्हणायचो आलो, आलो, हा काज होऊ दे. मी बराच वेळ तसाच उभा राहिलो लेन्स धरून. हात दुखला तेव्हा भान आलं.

मग टेप काढला. मोजलं, लिहिलं. सव्वासहा इंच.

सव्वासहा! दोन नाही, चार नाही, सव्वासहा! गुणिले सेहेचाळीस आणि वरचं थोडं... चोवीस फूट! आता आमचं घर तुम्हाला सांगतो. बेसिनपासून सरळ रेषेत स्वयंपाकघराचं दार, मग मधली खोली, मग आतल्या खोलीचं दार, मग हिचा पलंग, उशी, आणि उशीमागे खिडकी. टेप जोडून जोडून धरला, लेकीने एक टोक धरलं. साडेएकवीस फुटांना खिडकी संपली. म्हणजे चोवीस फुटांवर काय? हवा! तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर अडीच फूट हवेत तरंगत आमच्या हिने फोटो काढला! जावई जो हसतोय, जो हसतोय, सोफ्यावरून खाली पडायचा बाकी! "बाबा, आई ड्रोनवर बसल्या होत्या का?" आता यावर माणसाने करावं काय? आणि लेक मात्र खिडकीबाहेर बघत राहिली, जणू खरंच कुणी असेल तिथे. मला राग आला. तिचा नाही, त्या सव्वासहाचा.

मी म्हटलं, हवेत नाही, म्हणजे माप चुकलं. माप चुकलं, म्हणजे कदाचित बरंच चुकलं असेल. कदाचित पन्नासच असेल! मी पुन्हा भिंतीपाशी. पुन्हा टाकी, पुन्हा पाइप. कावळा गेला होता. लेन्स स्टुलावर पुस्तकांच्या थप्पीवर ठेवली, हलणार नाही अशी. टेप लावला. टेपवर बघतो तर सव्वापाच. कागदावर लिहायला गेलो तर माझा हात लिहितोय... सव्वासहा.

लक्षात आलं का काय झालं ते? अहो, माया! शिवणीत दाबायला जास्तीचं कापड सोडतात ना, त्याला आम्ही माया म्हणतो. तयार कपडा मोजला की माप जसंच्या तसं लिहायचं. पण अंगाचं माप घेतलं की इकडून अर्धा इंच, तिकडून अर्धा इंच माया धरायची, नाहीतर कपडा अंगात जाणार नाही. हे मी विचार करून करत नाही हो, हे हातच करतो! शर्ट तयार होता, तो बरोबर मोजला. ही लेन्स मी माणूस समजून मोजली. भिंतीसमोर सरळ उभी होती ना, हलत नव्हती, धरलं अंगाचं माप, सोडली माया! एक इंच माया, आणि बायको चार फूट मागे, खिडकीबाहेर! हिने पाहिलं असतं तर पोट धरून हसली असती.

तर सव्वापाच. म्हातारा म्हणाला होता ना एकशेपस्तीस, तीच. आता सव्वापाचाला सेहेचाळीस पट आणि वरचं थोडं... वीस फूट. वर तीनएक इंच.

मी लेकीला नाही बोलावलं. दोघं बाहेर गेली होती, बरंच झालं. टेपचं एक टोक बेसिनच्या नळाला बांधलं. स्वयंपाकघराचं दार, आठ फुटांच्या आत, गेलं. मग मधली खोली. मनात म्हणतोय, चूक असेल, अजून कुठेतरी माया सुटली असेल, मीच तो, चुका काय कमी करतो? आतलं दार. पलंग. वीस फूट. वर तीन इंच. अहो, उशी! उशीच्या बरोबर मध्यावर टेपचं टोक. उशीला अजून खळगा होता, तो मी मोडला नव्हता. त्या खळग्यात.

मी आडवा झालो. तिच्यासारखा, भिंतीकडे तोंड करून. मग जरा मान वळवली, फार नाही, जरा. आणि समोर सरळ... दार, दाराच्या आत दार, आणि त्याच्या आत बेसिन, नळ, झारा. सगळं चौकटीत. कुणीतरी मुद्दाम लावून ठेवल्यासारखं.

पाहत होती. रोज पाहत होती. माझं नाटक पहिल्या दिवसापासून पडलेलं होतं आणि मला सोडून सगळ्या प्रेक्षकांना माहीत होतं. प्रेक्षक एकच होता म्हणा. आणि मी नळ एवढा मोठा सोडायचो, हिला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याच्यात हिच्या कॅमेऱ्याचा खटका मला ऐकू आला नाही.

मी तो फोटो पुन्हा काढून पाहिला. दुरुस्तीवाल्याने देताना म्हटलं होतं, "शेवटचा जरा बिघडलाय. खॉ... हललाय." जावई म्हणाला होता, "आईंचा हात हलला असणार, अशक्तपणा." लेकही तसंच म्हणाली. पण बघा ना नीट! हात हलला तर सगळं हलतं. इथे पातेली काचेसारखी स्वच्छ. झारा स्वच्छ. फळीवरचा डबा, त्यावरचं झाकण, सगळं स्वच्छ! उशीवर टेकवून काढला असणार कॅमेरा, जराही हललेला नाही हिचा हात, त्या अवस्थेत! धूसर काय आहे? फक्त माझे खांदे. खांदे तेवढे असे विरघळल्यासारखे आलेत. कारण रडताना माणसाचे खांदे हलतात हो. हलतातच, त्याला काय इलाज.

जन्मभर मला हलू नका म्हणाली. शिंकताना म्हणाली. स्टुलावर म्हणाली, अजून नावही ठाऊक नव्हतं तेव्हा. आणि त्या दिवशी मी हललो, असा हललो की फोटो बिघडला, आणि ही समोर, सगळं दिसतंय, डोळा कॅमेऱ्याला लावलेला... आणि बोलली नाही. एक हाक मारली असती, तर मी तोंड पुसून धावत आलो असतो, "काय हुकूम?" म्हणालो असतो. म्हणूनच नाही मारलीन. राहू दे म्हणाली असेल मनात, रडू दे याला. हलू दे.

...

संध्याकाळी लेक आली. चप्पल काढायच्या आधी, "बाबा, मोजलंत का परत? काय आलं?" आणि तिचं तोंड... तुम्ही पाहायला हवं होतं. तिला आई दारापर्यंत चालत यायला हवी होती. मागून जावई, पिशव्या सांभाळत, कान टवकारून. आता मी काय सांगू? वीस फूट सांगू? मी म्हटलं, "अगं, दोन इंच. मीच माया धरत होतो. पन्नासच आहे ती. पावणेआठ फूट. दारातूनच."

लेक सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि चौकटीवर हात ठेवलान, अलगद, जणू तिथे आधीचा एक हात आहे. रडली, पण चांगलं रडली. आणि जावई! अहो, काय सांगू तुम्हाला, त्याला जमिनीवर पायच ठेववेना! फोन काय लावतोय लोकांना, "मी न बघता सांगितलं होतं!" रात्री जेवताना तेच, सकाळी चहाला तेच. आता जन्मभर ऐकायचंय हे. ऐकतो. हिचं ऐकलं नाही, त्याची फेड बहुतेक अशीच असावी.

बेसिनपाशी उभा होतो मी, भांडी विसळत. खरोखरची भांडी. नळ आता हळूच सोडतो, मोठा सोडायचं कारण उरलं नाही. तर हा तो फोटो घेऊन मागे येऊन उभा. म्हणतो, "बघा बाबा, निघालं की नाही उत्तर? उगाच महिनाभर डोकं पिकवलंत. साधं गणित होतं!"

म्हटलं, हो जावईबापू. साधंच होतं. फोटोत सगळं बरोबर आहे. मीच तेवढा हललोय.